‘जर’ कसं गावं: ब्रॉडवेचं जुनं प्रेमगीत आपल्या गळ्यावर बसवताना

१९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’पासून पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ज्या संगीतिका आल्या, त्यांतली प्रेमगीतं आजही जगभर गायली जातात. शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत शिकलेल्या मराठी गळ्याला ती ऐकताना सोपी वाटतात. चाल दोनदा ऐकली की पाठ होते, सूरही लागतो. तरी गाऊन झाल्यावर काहीतरी चुकल्याचं जाणवतं.

कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. आपला सा पक्का असतो आणि ही गाणी मध्येच तो सरकवतात. आपला गळा दोन स्वरांमधली जागा भरायला शिकलेला असतो आणि इथे ती रिकामी ठेवायची असते. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. यांतल्या उत्तम गाण्यांत प्रेम कबूल केलेलंच नसतं. पात्र म्हणतं, ‘जर मी प्रेम करत असते तर’. आपण ते ‘मी प्रेम करते’ असं गातो आणि गाणं तिथेच बसतं. पुढची सगळी तयारी या तीन गोष्टींभोवतीच आहे.

गाणं निवडताना

पहिलं गाणं म्हणून ‘टिल देअर वॉज यू’ घ्यावं. मेरेडिथ विल्सन यांच्या ‘द म्युझिक मॅन’मधलं (१९५७) हे गाणं दुसऱ्या अंकात ग्रंथपाल मॅरियन पुलावर गाते. १९६३ मध्ये बीटल्सनी ते ध्वनिमुद्रित केल्यामुळे अनेकांच्या कानांत ते आधीच असतं. वाक्यं लहान आहेत, श्वासाला जागा आहे आणि आवाजाचा आवाका फार मोठा नाही. फक्त बीटल्सचं ऐकून बसवू नका. तो गिटारच्या ठेक्यावरचा हलका अवतार आहे. रंगमंचावर हे गाणं आयुष्यभर कान बंद ठेवलेल्या बाईचं आहे.

दुसऱ्या पायरीवर ‘पीपल विल से वुइ आर इन लव्ह’ (‘ओक्लाहोमा!’) किंवा ‘ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह’ (‘माय फेअर लेडी’, १९५६). त्यानंतर ‘इफ आय लव्ह्ड यू’ (‘कॅरोसेल’, १९४५). ‘मारिया’ (‘वेस्ट साइड स्टोरी’, १९५७) आणि ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’ (‘माय फेअर लेडी’) ही दोन घाईने घेऊ नयेत. पहिल्यात सुरांची उडी अवघड आहे, दुसऱ्यात उंची. ‘किस मी, केट’मधलं (१९४८) कोल पोर्टर यांचं ‘सो इन लव्ह’ मोहात पाडतं, कारण त्याचा कोमल स्वरांचा रंग आपल्याला जवळचा वाटतो. पण त्याचा साचा नेहमीच्या दुप्पट लांब आहे. दम आणि धीर दोन्ही कमावल्यावरच ते घ्यावं.

जाड, खर्जातला पुरुषी आवाज असेल तर ‘साउथ पॅसिफिक’मधलं (१९४९) ‘सम एन्चांटेड ईव्हनिंग’ हातचं सोडू नका. ते मेट्रोपॉलिटन ऑपेराचे बास गायक एत्सिओ पिन्झा यांच्या आवाजासाठी रचलेलं आहे. भारदस्त गळ्यांच्या वाट्याला एवढं सुंदर प्रेमगीत क्वचितच येतं.

कागद हातात घ्या

ऐकून बसवण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण इथे ती पुरत नाही. प्रत्येक गायकाने आपापले बदल केलेले असतात आणि तुम्ही नकळत त्या बदलांची नक्कल करता. गाण्याचं छापील नोटेशन मिळवा. बाजारात दोन प्रकार असतात. एक, निवडक गाण्यांचं पुस्तक. त्यात पट्टी बऱ्याचदा घरगुती गायनासाठी बदललेली असते आणि सुरुवातीचा भाग कापलेला असतो. दुसरा, संपूर्ण संगीतिकेचा पियानो-व्होकल स्कोअर. त्यात रंगमंचावरची मूळ पट्टी, आधीचे संवाद आणि मधली पार्श्वसंगीताची वाक्यं असतात. जमलं तर दुसराच घ्यावा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याची मदत घ्या. मुंबई, पुणे आणि गोव्यात चर्चच्या वृंदगानाला साथ करणारे पियानिस्ट असतात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या सहाव्या-सातव्या ग्रेडपर्यंत पोहोचलेला विद्यार्थीही ही साथ आरामात करतो. त्याच्याकडून पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या: गाण्याची पट्टी, सर्वांत वरचा स्वर, सर्वांत खालचा स्वर.

पट्टी ठरवताना होणारी मोठी चूक

‘माझी पट्टी काळी पाच, मग गाणंही काळी पाचमध्ये वाजवा’ असं सांगितलं की घोळ होतो. आपल्याकडे गाणं मंद्र पंचमापासून तार गंधार-पंचमापर्यंत फिरणार हे गृहीत असतं, म्हणून सा सांगितला की आवाका कळतो. ब्रॉडवेच्या गाण्यात तसं नसतं. एका गाण्यात सा आवाक्याच्या तळाशी असतो, दुसऱ्यात मधोमध. म्हणून पट्टी सा वरून ठरवू नका, वरच्या टोकाच्या स्वरावरून ठरवा.

कृती अशी. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून चढत जा आणि ज्या स्वरावर चार मात्रा न ताणता, शब्दासह थांबता येतं तो स्वर शोधा. नुसता स्पर्श होणारा स्वर मोजू नका. समजा गायिकेचा सा काळी पाच आहे आणि तार गंधारावर ती निवांत थांबते. म्हणजे तिचं टोक वरच्या सप्तकातली पांढरी दोन. ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’ची मूळ पट्टी पांढरी एक आहे आणि शेवटचा उंच स्वर वरच्या सप्तकातली पांढरी पाच. पांढरी पाचपासून पांढरी दोनपर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर पाच घरं खाली. म्हणून गाण्याचा साही पाच घरं खाली, म्हणजे पांढरी पाच. आता सर्वांत खालचा स्वरही पाच घरं खाली गेला आहे. तो बोलण्याच्या आवाजात विरतो का ते पाहा. विरत असेल तर दोन घरं वर घ्या, किंवा हे गाणं सध्या बाजूला ठेवा.

पुरुषांसाठी ‘मारिया’चं गणित याच पद्धतीने. मूळ पट्टी काळी दोन, टोक मधल्या सप्तकातली काळी पाच. तुम्ही पांढरी पाचवरच निवांत थांबत असाल तर तीन घरं खाली या, म्हणजे पट्टी पांढरी एक झाली.

स्त्रियांच्या आवाजाबाबत इथे थोडं जास्त सांगायला हवं. आपल्याकडे गायिका बहुतांश गाणं छातीच्या आवाजात गातात आणि तो ताकदीने वर नेतात. ‘कॅरोसेल’ची ज्यूली किंवा ‘माय फेअर लेडी’ची एलायझा यांची गाणी वरच्या भागात डोक्याच्या, म्हणजे वर गुंजणाऱ्या हलक्या आवाजासाठी लिहिलेली आहेत. छातीचा आवाज तिथे ओढत नेला की स्वर उतरा लागतो, शब्द किंचाळल्यासारखे होतात आणि चार दिवसांत घसा बसतो. पट्टी उतरवणं हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे रोज दहा मिनिटं उतरता रियाज: वरच्या सप्तकातल्या पांढरी चारच्या आसपास ‘ऊ’कार अगदी हलका लावायचा आणि पाच स्वर खाली उतरायचे, आवाज जाड होऊ न देता. मग तेच ‘ओ’ आणि ‘आ’वर. या दोन आवाजांच्या जोडाच्या जागी आवाज तुटला तर तिथे जोर वाढवू नका, कमी करा. याला महिने लागतात, म्हणून पहिल्या कार्यक्रमासाठी पट्टीच उतरवावी.

मात्रा मोजा, पण ठेका विसरा

त्या काळातल्या बहुसंख्य गाण्यांचा मुख्य भाग बत्तीस बारचा असतो. आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. चार मात्रांचा बार धरला तर आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजे त्रितालाची दोन आवर्तनं. सगळा मुख्य भाग आठ आवर्तनांत संपतो. पाठांतरासाठी ही फूटपट्टी उपयोगी आहे. पण खाली-भरीची जाणीव इथे आणू नका आणि तबला तर मुळीच लावू नका. ठेका आला की गाणं भावगीत होतं आणि बोलण्याची लय मरते.

सम कुठे येते ते मात्र काटेकोर पाहा. ‘टिल देअर वॉज यू’ची सुरुवात ‘देअर वेअर बेल्स’ अशी आहे; त्यातले पहिले दोन शब्द समेच्या आधी येतात आणि तिसऱ्या शब्दावर सम आहे. पहिल्या शब्दावर सम धरलीत तर पियानो आणि तुम्ही शेवटपर्यंत वेगळे चालता. सुरुवातीला मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला साधारण ७० मात्रांच्या लयीत हे गाणं नुसतं टाळी देत म्हणा. सलग तीन वेळा सम चुकली नाही की मेट्रोनोम बंद करा. नंतर तो मदत करत नाही, अडवतो.

तीन मात्रांची गाणी आपल्याला दादऱ्यात ओढतात. ‘द म्युझिक मॅन’मधलं ‘गुडनाइट, माय समवन’ हे वॉल्ट्झ आहे, पहिल्या मात्रेवर वजन आणि उरलेल्या दोन हलक्या. गंमत म्हणजे याच नाटकातलं ‘सेव्हंटी-सिक्स ट्रॉम्बोन्स’ हे कूचगीत याच चालीवर रचलेलं आहे. फिरता विक्रेता हॅरोल्ड हिल ते कूच म्हणून गातो, मॅरियन तेच अंगाईसारखं गाते. ही दोघं एकमेकांची आहेत हे प्रेक्षकांच्या कानांना शब्दांच्या कितीतरी आधी कळतं. लय आणि वजन बदललं की त्याच स्वरांचा अर्थ किती पालटतो, हे शिकायला ही जोडी एकामागून एक गाऊन पाहावी.

तानपुरा कुठे बंद करायचा

तिसऱ्या तुकड्याला इंग्रजीत ‘ब्रिज’ म्हणतात. आपण त्याला अंतरा समजतो आणि तिथेच फसतो. अंतरा तार षड्जाकडे जातो आणि सा तोच राहतो. ब्रिजमध्ये खालची जमीनच सरकते.

‘टिल देअर वॉज यू’चा ब्रिज घ्या. तो मध्यमावरच्या कॉर्डने (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटाने) सुरू होतो, म्हणजे म, शुद्ध ध, सां. लगेच त्यातला धैवत कोमल होतो: म, कोमल ध, सां. मग पुन्हा षड्जावरची कॉर्ड येते. शुद्ध धैवताचा कोमल होतो त्या क्षणी सगळा प्रकाश बदलतो आणि गाण्याचं काळीज तिथेच आहे. सा-प चा तानपुरा चालू असेल तर हा बदल ऐकूच येत नाही. गायकाला वाटतं आपण सुरात आहोत, आणि पियानोबरोबर उभं राहिलं की चिमूटभर चढं लागतं.

यावर उपाय सोपा आहे, पण कंटाळा न करता करायला हवा. पियानिस्टला किंवा पेटीवाल्याला प्रत्येक बारची नुसती कॉर्ड धरून ठेवायला सांगा, चाल वाजवू देऊ नका. तुम्ही फक्त प्रत्येक बारमधला सर्वांत लांब स्वर ‘आ’कारात लावा आणि तो कॉर्डमधला कोणता स्वर आहे ते ओळखा: पाया आहे, मधला आहे, वरचा आहे की कॉर्डबाहेरचा आहे. कॉर्डबाहेरचे स्वर पेन्सिलीने गोल करा. गाण्यातली ओढ तिथे असते, कारण तो स्वर सुटायला धडपडत असतो. त्यांवर किंचित जास्त रेंगाळायचं आणि सुटलेल्या स्वरावर आवाज हलका करायचा. हे एवढं केलंत तरी निम्मं गाणं सुधारतं.

‘मारिया’मधली ती उडी

संगीतकार लेनर्ड बर्नस्टीन यांनी या नावाला तीन स्वर दिले आहेत: सा, तीव्र मध्यम, पंचम. मूळ पट्टी काळी दोन असल्यामुळे हे स्वर काळी दोन, पांढरी सहा आणि काळी पाच असे पडतात. यमन ज्याच्या गळ्यात आहे त्याला वाटतं हे आपलंच आहे. पण यमनात तीव्र मध्यम गंधारावरून किंवा पंचमावरून येतो, त्याला वाट असते. इथे सा वरून थेट उडी आहे आणि मधे काहीही नाही.

रियाजाचा क्रम असा ठेवा. आधी सा-प, सा-प असं दहा वेळा. मग प-तीव्र म-प, अगदी जवळून. मग सा गाऊन पंचम मनात ऐका, गाऊ नका, आणि त्याच्या एक घर खाली उतरा. तो तुमचा तीव्र मध्यम. शेवटी सा-तीव्र म-प सलग, शब्दाशिवाय. पेटीवर तपासा. स्वर उतरा लागत असेल तर तुम्ही शुद्ध मध्यमाला घासून जात आहात. मींड येत असेल तर प्रत्येक स्वर ‘ता-ता-ता’ असा तुटक म्हणा आणि चार दिवसांनी जोडा.

ताण मधल्या अक्षरावर आहे, सुटका शेवटच्या. म्हणून ‘री’ घट्ट धरा आणि ‘आ’ सैल सोडा. उलटं केलंत, म्हणजे पंचमावर जोर दिलात, तर ती हाक बाजारातली होते. नायक टोनीला नुकतंच एक नाव कळलं आहे आणि तो ते तोंडात घोळवून पाहतो आहे. पहिल्यांदा ते जवळजवळ पुटपुटलं पाहिजे. याच संगीतिकेतल्या ‘कूल’ या तणावाच्या गाण्यातही हेच तीन स्वर आहेत. ज्या स्वरांतून प्रेम येतं त्याच स्वरांतून मारामारीही येते, हे माहीत असलेला गायक ‘मारिया’ निव्वळ गोड गात नाही.

जिभेचं काम

मराठी जिभेच्या काही सवयी इथे आड येतात. आपला ट आणि ड जीभ मागे वळवून होतो. इंग्रजीतला वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्यावर, जिभेच्या टोकाने. ‘जस्ट’मधला ज ‘जीवन’मधला आहे, ‘जर’मधला नाही. ‘इज’ आणि ‘वॉज’च्या शेवटचा मात्र ‘जर’मधल्या ज च्या जवळ जातो, फक्त जीभ टेकवायची नाही, भुंग्यासारखा आवाज येऊ द्यायचा. ‘वुइ’ आणि ‘वुड’ला ओठांचा चंबू, ‘लव्ह’च्या शेवटी खालच्या ओठावर दात.

आता लांब स्वर. ‘नाइट’ लांबवायचा तर ‘आ’ लांबवा आणि ‘इ’ अगदी शेवटी, ट च्या उंबरठ्यावर आणा. ‘डे’ लांबवताना ‘ए’वर थांबा. आपले गायक दुसऱ्या स्वराकडे लवकर जातात आणि मग ‘नाईईईट’ ऐकू येतं. ‘लव्ह’मधला स्वर ‘आ’ नाही, जबडा अर्धाच उघडायचा. ‘व्ह’ लवकर मिटला तर आवाज बंद होतो, म्हणून तो पुढच्या शब्दाला चिकटवा.

शब्द देवनागरीत लिहून घेऊ नका. मोह होतो, पण देवनागरीत लिहिलं की प्रत्येक अक्षराला सारखं वजन मिळतं. इंग्रजीचा सगळा जीव जड आणि हलक्या अक्षरांच्या चालीत आहे. मूळ लिपीतल्या ओळीखाली जड अक्षरांना रेघ मारा, एवढं पुरे.

‘जर’चा अर्थ

आता मुख्य काम. ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘कॅरोसेल’ची गीतं लिहिणारे ऑस्कर हॅमरस्टीन दुसरे यांच्यापुढे एक अडचण वारंवार आली. नाटकाच्या सुरुवातीला नायक-नायिका नुकते भेटलेले असतात, प्रेम कबूल करणं खोटं वाटेल, आणि प्रेक्षकांना तर प्रेमगीत हवं असतं. त्यांनी काढलेली वाट म्हणजे नकारातून किंवा अटीतून बोलणारं गाणं. ‘ओक्लाहोमा!’मध्ये लॉरी आणि कर्ली एकमेकांना बजावतात की माझं कौतुक करू नकोस, माझ्या विनोदांवर इतकं हसू नकोस, लोक काहीतरी समजतील. बजावण्याची ही यादीच सांगते की दोघांनी एकमेकांचं काय काय टिपून ठेवलं आहे. पुढे हेच गाणं परत येतं तेव्हा ते म्हणतात, लोकांना म्हणू दे. ही दुसरी फेरी तुमच्या कार्यक्रमात घेणार असाल तर पहिल्या फेरीत एकही ओळ प्रेमाने गाऊ नका. चिडवा, अडवा, नजर चुकवा. मग दुसऱ्या फेरीत लय थोडी उतरवली की पुरतं.

‘इफ आय लव्ह्ड यू’ याहून खोल आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं गाव, साल १८७३. गिरणीत काम करणारी ज्यूली जॉर्डन आणि फिरत्या घोड्यांच्या खेळाचा बोलबच्चन बिली बिगेलो एका बाकावर बसले आहेत. हा संपूर्ण प्रवेश बोलणं, अर्धं गाणं, पूर्ण गाणं, पुन्हा बोलणं असा वाहतो. गाणं कुठे सुरू झालं हे सांगणं कठीण जावं, अशीच त्याची वीण आहे. वारा जवळपास नाही, तरी फुलं गळत आहेत, कारण त्यांची वेळ झाली आहे. दोघेही हे पाहतात आणि दोघांनाही ते कळतं.

गाणं मैफलीत एकटं घेताना हा प्रवेश आधी मोठ्याने वाचा, निदान पाच वेळा. मग गाण्याचे शब्द गद्यात बोला. ज्यूली काय म्हणते? मी प्रेम करत असते, तर सांगायचा प्रयत्न करत राहिले असते, शब्द सापडले नसते, संधी निघून गेली असती आणि तुला कधीच कळलं नसतं. ती काल्पनिक गोष्ट सांगते आहे असं दाखवत पुढे घडणारी खरी गोष्ट सांगते. नाटकाच्या शेवटी बिली मरणानंतर एका दिवसासाठी परत येतो, आणि न बोलता राहिलेलं तेच तेव्हा बोललं जातं.

म्हणून गाताना असं करा. ‘जर’ या शब्दावर जोर देऊ नका. जोर दिला की तो व्याकरणाचा धडा होतो. तो शब्द सहज टाका, जणू त्याच्या आड लपायचं आहे. पहिल्या दोन तुकड्यांत आवाज बोलण्याच्या जवळ ठेवा. ब्रिजमध्ये ती स्वतःच्या बोलण्यात वाहवत जाते, तिथे श्वास लांब घ्या आणि ओळी जोडा. शेवटच्या तुकड्यात एकच शिखर आहे. तिथे आवाज पूर्ण उघडा आणि लगेच पुढच्या, शेवटच्या ‘जर’वर परत मागे घ्या. ती बोलून गेली आणि सावरली, एवढं ऐकू यायला हवं. हे गाणं डोळे मिटून, प्रत्येक ओळ ओढून, शोकगीतासारखं गाण्याची चाल पडली आहे. ती टाळा. पहिल्या ओळीपासून रडलात तर शिखराला काही उरत नाही.

बिली हेच शब्द नंतर म्हणतो. दोघांनी सारखं गायलं तर दुसरी फेरी कंटाळवाणी होते. त्याची सुरुवात थोडी टिंगलीच्या सुरात, बाहेरच्या बाजूने व्हावी आणि मध्यावर त्याचा त्यालाच धक्का बसावा.

मुख्य भागाआधीची मोकळी ओळ, जिला तिकडे ‘व्हर्स’ म्हणतात, ती कापू नका. ‘ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह’ सुरुवातीच्या प्रयोगांत पडत होतं, कारण गाणारा फ्रेडी कोण हेच प्रेक्षकांना लक्षात येत नव्हतं. व्हर्स नव्याने लिहून त्याची ओळख पटवली आणि गाणं उभं राहिलं. मैफलीत तर ही गरज दुप्पट असते.

अलंकार, दम, साथ

कण, खटका, मुरकी, हरकत: सगळं काढा. एखादी हरकत ‘सहज’ येते असं वाटत असेल तर ध्वनिमुद्रण करून ऐका. इंग्रजी शब्दाचं वजन तिथे हमखास हललेलं दिसेल. मींड पूर्ण गाण्यात दोनदा चालते, तीही मोठ्या उडीवर. कंप लांब स्वराच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, आधी सरळ स्वर. त्या काळी नटांच्या अंगावर माइक नसत, आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वतःच न्यावा लागे. आपला खुला आवाज इथे कामी येतो, तेवढा ठेवा. माइक असेल तर तोंडापासून वीतभर अंतर ठेवा आणि शिखराला आणखी थोडं मागे घ्या.

साथीला पियानो उत्तम. पेटी असेल तर तीन स्वरांची कॉर्ड धरायची, चाल सोबत वाजवायची नाही. आपल्या साथीदारांना गायकामागे सावलीसारखं येण्याची सवय असते, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगा. लय ओढायच्या जागा कागदावर खूण करून ठरवा, पूर्ण गाण्यात तीन-चारच.

दोघांनी गाताना एकाच वेळी गाण्याचा हट्ट नको. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये पिन्झा यांच्या ऑपेराच्या आवाजासमोर एकत्र गाण्याची नायिका मेरी मार्टिन यांची तयारी नव्हती, म्हणून संगीतकार रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांनी ‘ट्विन सॉलिलोक्वीज’ रचलं: दोघं आळीपाळीने, स्वतःशीच गातात आणि शेवटी गाणं वाद्यवृंदाकडे जातं. आवाज न जुळणाऱ्या जोडीला हाच मार्ग घ्यावा.

तीन आठवड्यांचा हिशेब

रोज चाळीस मिनिटं धरली आहेत. पहिल्या आठवड्यात गाऊच नका असं म्हटलं तरी चालेल: पट्टी, शब्दांचं गद्य वाचन, टाळी देऊन मात्रा आणि लांब स्वरांवरची कॉर्डची ओळख. दुसऱ्यात आठ-आठ बारचे तुकडे, ब्रिज सर्वांत आधी, कारण तो एकदाच येतो आणि सरावात नेहमी उपाशी राहतो. चाल आधी ‘ना’वर, मग शब्दांवर. तिसऱ्यात पियानोबरोबर निदान चार बैठकी, दिवसाला पूर्ण गाणं तीनदाच. त्याहून जास्त वेळा गायलं की भाव यांत्रिक होतो.

मैफलीत एखादं गाणं म्हणणं आणि पोशाख, संवाद, नेपथ्यासह प्रवेश उभा करणं, यांचे परवाने वेगळे असतात. दुसऱ्यासाठी प्रयोगाचे हक्क घ्यावे लागतात: रॉजर्स-हॅमरस्टीन यांच्या संगीतिकांचे ‘कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स’कडून, ‘द म्युझिक मॅन’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’चे ‘म्युझिक थिएटर इंटरनॅशनल’कडून. तारीख जाहीर करण्याआधी अर्ज करा.

कार्यक्रमात गाण्याआधी प्रसंग दोन वाक्यांत मराठीत सांगा: कोण, कुणाला, कुठे. शब्दांचं भाषांतर सांगू नका. शेवटचा स्वर कागदावर जितक्या मात्रांचा आहे तितकाच धरा. त्यानंतर पियानोचे दोन-चार बार उरलेले असतात. ते वाजत असताना नजर ज्या माणसावर होती तिथेच ठेवा, मान झुकवू नका, कारण ज्यूली अजून बिलीच्या उत्तराची वाट पाहते आहे.